चुलीचं मत

फळी ठोकायला रंगनाथ ढवळे स्वतः आला, आणि तोही ऐन दुपारच्या गर्दीत. आमच्या खानावळीत तेव्हा पहिल्या पाळीचे माग कामगार जेवायला बसले होते. त्यानं शिडी भिंतीला लावली, वर चढला आणि ठाकठाक सुरू केलं. भिंतीचा पोपडा सुटला तो थेट आत एकाच्या आमटीत. तो बिचारा ताटाकडं बघतच राहिला.

मी भाकरीची बुट्टी तिथंच आपटली आणि बाहेर आले.

"अवो दादा, आत माणसं जेवायला बसल्यात. दिसत न्हाई व्हय?"

"जेवू देत की," तो खिळा दातात धरूनच म्हणाला. "आता थोडंच दिस राह्यल्यात. पोटभर जेवू देत."

मागं उभी असलेली त्याची चार टाळकी हसली. फळीवर रंगानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'या जागी समाजबांधवांसाठी घरकुल इमारत होणार.' जणू आम्ही तिथं नव्हतोच. आत चूल पेटलेली, तव्यावर भाकरी फुगलेली, आणि बाहेर भिंतीवर आमचं तेरावं लिहून झालेलं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय गं मालन?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. तिनं मान वर करून एकदा फळीकडं आणि एकदा रंगनाथकडं बघितलं.

"दमानं मार बाबा खिळा," ती म्हणाली. "त्या भिंतीतनं पावसाचं पाणी येतंय."

आणि आत निघून गेली. ज्याच्या आमटीत पोपडा पडला होता त्याला तिनं नवी वाटी भरून दिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडातून ब्र काढायचा नाही, ही कसली रीत? मी शिडी ओढणारच होते, पण आतून आईनं हाक मारली आणि मला जावं लागलं.

आता ही जागा आमची नव्हती, हे मी आधीच सांगते. ती विणकर समाज मंडळाची. माझ्या वडिलांना ती मिळाली तेव्हा त्या चौकात दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. घ्या म्हटलं तरी कुणी घेत नव्हतं. वडिलांनी पत्रे टाकले, चूल घातली, बाहेर 'डाके खानावळ' अशी पाटी लावली आणि महिन्याच्या महिन्याला समाजाला भाडं देत राहिले. ते गेल्यावर आईनं तेच चालवलं. मग गाव वाढलं, माग वाढले, तो चौक गावाचा मध्य झाला, आणि जागेला सोन्याचा भाव आला. सोनं दिसलं की प्रत्येकाला आपला वाटा आठवतो.

घरांची गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. लोकांचे संसार मागाच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात होते. पोरं त्या खडखडाटातच झोपायची आणि वीज जाऊन माग बंद पडले की दचकून उठायची. ताटात, अंथरुणात, केसात सगळीकडं कापसाची पिंज. त्या लोकांना घर पाहिजे होतं, आणि त्यात काही चूक नव्हतं. पण ओढ्यापलीकडं समाजाची दुसरी मोकळी जागा पडून होती, तिचं नाव कुणी काढत नव्हतं. कारण तिथं खालच्या मजल्यावर दुकानाचे गाळे कोण घेणार? घरं गरिबांची आणि गाळे रंगनाथच्या गोतावळ्याचे, असा तो सगळा हिशेब होता.

ठरवायचं होतं समाजाच्या सभेत. आणि आमच्या सभेची एक जुनी रीत होती. तिथं मत माणसाला नसे, चुलीला असे. एक चूल, एक मत. घरात दहा माणसं असोत की पंधरा, भाकरी एका चुलीवर भाजत असेल तर सभेत हात एकच वर व्हायचा. भाऊ वेगळे झाले तर नव्या चुलीला नवं मत मिळायचं, पण त्याला एक अट होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं सभेत उभं राहून, कपाळाला देवीचा भंडारा लावून सांगायचं की मी अमक्या चुलीवर जेवतो आणि दुसरी चूल माझ्या राजीखुशीनं मांडून दिलीय. म्हातारं माणूस जेवतं ती जुनी चूल, दुसरी ती नवी. मग दोन्हींना मत.

रंगनाथनं नेमकं हेच हेरलं. ज्यांची घरं स्वतःची होती ती बरीच मंडळी आमच्या बाजूनं होती. सगळी काही आमच्यावरच्या मायेनं नव्हती बरं का. निम्मी रंगनाथवर डूख धरून होती. पण हात तर वर करणार होती. आणि घर पाहिजे असलेली माणसं पुष्कळ असली तरी ती एकेका खोलीत चार चार भाऊ राहणारी, त्यांची चूल एकच. मग त्यानं घरोघर फिरून सांगितलं, "चुली वाढवा. सभेपुरत्या वाढवा. इमारत झाली की पुन्हा एक करा."

आणि लोकांनी केल्या. त्या महिन्यात पेठेत रॉकेलचा स्टोव्ह शोधून सापडत नव्हता. एका ताटात जेवणारे भाऊ खोलीच्या दोन कोपऱ्यांत पाठमोरे बसून जेवायला लागले. जो तो म्हणायचा, अहो, हे सभेपुरतंच. पण घराघरातल्या जावांना मात्र आयतंच फावलं. मिठाचा डबा कुणाचा, चटणी कुणी जास्त घेतली, वर्षानुवर्षं पोटात धरलेलं सगळं बाहेर आलं. गल्लीत सकाळपासून भांडणं. मी भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि मला बरं वाटायचं. मनात म्हणायची, मरा, आमची एक चूल मोडायला निघालात, आता भोगा.

आमच्यावरही त्यांनी काही कमी केलं नाही. समाजातल्या घरांनी डबे बंद केले. दारातल्या रांजणात कुणीतरी राख टाकली. डाक्यांच्या आमटीत झुरळ निघालं म्हणून आवई उठवली. मी भर चौकात उभी राहून ओरडले, "ज्याला झुरळ घावलं त्यानं पुढं यावं, मी त्याचं पाय धुऊन पाणी पिते!" कोण येतंय पुढं? सगळे पानपट्टीच्या आडोशाला. आई म्हणाली, "घसा कशाला फोडतीस? आमटी झाकून ठेव." तिचं हे असलं थंडपण बघून मला तिचाच राग यायचा.

त्याच दिवसांत गोदाक्का मागच्या दाराला यायला लागली.

गोदाक्का म्हणजे रंगनाथची सख्खी आई. रंगनाथ थोरला, मुरलीधर धाकटा, आणि दोघांचा संसार एकाच खोलीत. चुली वाढवा म्हणून गाव फिरणाऱ्यानं पहिला स्टोव्ह स्वतःच्या घरात आणला होता, हे सांगायला नकोच. पहिल्या दिवशी ती दुपारची पंगत उठल्यावर आली आणि उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "शेवंता, ताक हाय का गं घोटभर? तोंडाला चव न्हाई बघ."

आईनं ताक दिलं. म्हातारीनं तांब्या एका दमात रिकामा केला. आईनं ते बघितलं आणि तिच्यापुढं पाट टाकला, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. गोदाक्का खाली मान घालून सगळं जेवली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. मग ताकाचं नावसुद्धा घेईना.

एक दिवस मी विचारलंच. "घरात दोन दोन चुली असताना तुम्ही हिकडं कशा काय गोदाक्का?"

"थोरलीला वाटतंय मी धाकटीकडं जेवले," ती म्हणाली. "धाकटीला वाटतंय थोरलीकडं. खोटं न्हाई, खरंच वाटतंय तसं त्यास्नी. आदी एक चूल हुती तवा ताट आपसूक पुढं यायचं."

"मग सांगत का न्हाई? पोरास्नी सांगा की."

"काय सांगू? आईला भूक लागलीया म्हणून सांगू? आईनं असलं सांगायचं असतंय व्हय गं?"

मी त्या संध्याकाळी आईला धरून बसवलं. म्हटलं, देवच पावला आपल्याला. ज्या रंगनाथनं आपल्या भिंतीवर फळी ठोकली त्याची आई आपल्या भाकरीवर जगतेय. उद्या चौकात उभी राहते आणि सांगते सगळ्या गावाला. बघू मग कोण त्याच्या मागं उभं राहतंय.

आईनं पीठ मळायचं थांबवलं. "जेवणाऱ्याचं नाव दाराभायेर न्यायचं न्हाई," ती म्हणाली. "कोण उधार जेवतंय, कोण शिळं मागतंय, कुणाला बायकोनं हाकललंय, समदं आपल्याला ठावं असतंय. एकदाबी भायेर गेलेलं न्हाई. तुझ्या बापानं एवढंच शिकवलं मला."

"आन खानावळ गेली म्हंजे?"

"गेली तर गेली."

"आपण काय खायाचं मग? रीत?"

तिनं हातातला पिठाचा गोळा परातीत आपटला, एवढंच.

सभेच्या आदल्या दिवशी रंगनाथ आला. यावेळी एकटा आणि गोड बोलत. बाकावर बसला, पाणी प्याला. "काकी," तो म्हणाला, "इमारत झाल्यावर मागल्या अंगाला तुमचा इचार करू. आत्ता सभेत इरोध करू नका. आपल्याच माणसांत कशाला वैर?"

"मागल्या अंगाला म्हंजे संडासाशेजारी न्हवं?" मी म्हणाले.

"तू गप गं. मी काकींशी बोलतोय." मग त्याचा आवाज चढला. "काकी, माझ्या आईच्या वयाची माणसं पिंजंत झोपत्यात. खोकून खोकून मराय लागल्यात. आन तुम्ही भर चौकात बसून भाकऱ्या इकतायसा. म्हाताऱ्या माणसांचा तळतळाट लागंल, सांगून ठेवतो. काय चाड हाय का न्हाई?"

माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. ज्या पाटावर त्याची आई दुपारी जेवून गेली होती तो पाट अजून कोपऱ्यात तसाच होता.

"तुमच्या आईचं सांगू का तुम्हाला, दादा? तुमची आई हितं..."

"मालन!" आईचा आवाज एवढा कडक मी कधी ऐकला नव्हता. "आत जा. पातेलं करपतंय."

चुलीवर पातेलं नव्हतंच. मी आत जाऊन भिंतीवर डोकं टेकलं आणि रडले. दुःखानं नाही, संतापानं. हातात दगड असताना मारायचा नाही म्हणजे काय असतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल.

सभा देवीच्या मंडपात होती, रविवारी दुपारी. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. अध्यक्ष नानासाहेब तारळेकर. म्हातारा माणूस, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, पण रीतीच्या बाबतीत सख्ख्या भावालाही न सोडणारा. सुरुवातीलाच गोंधळ झाला. कुणी म्हणालं, डाक्यांनी समाजाची जागा गिळली. कुणी म्हणालं, रंगनाथनं गाळ्यांचे आगाऊ पैसे घेतलेत. एकानं दुसऱ्याची टोपी उडवली. मी उठून म्हणाले, "ओढ्यापलीकडं बांधा की इमारत, जागा पडलीया न्हवं?" त्यावर पुरुषांतून एकजण ओरडला, "तू जा वढ्यापलीकडं भाकरी थापायला!" आणि मंडप हसला.

"थापीन की," मी म्हणाले, "पर मग तुझ्या पोराचं लगीनबी वढ्यापलीकडंच कर, हितं मंडपात जागा न्हाई शहाण्यास्नी!"

नानासाहेबांनी काठी आपटली. "आदी चुली ठरवा," ते म्हणाले. "मग हात."

एकेक घर पुकारलं जाऊ लागलं. म्हातारी माणसं काठी टेकत पुढं यायची, भंडाऱ्यात बोट बुडवून कपाळाला लावायची आणि शाळेतली पोरं कविता म्हणतात तसं म्हणायची, मी थोरल्याकडं जेवतो, धाकट्याची चूल माझ्या राजीखुशीची. सगळ्यांचं वाक्य एकच. पढवलेलं होतं हे आंधळ्यालाही कळावं, पण नानासाहेब काय करणार? म्हातारी माणसं सांगत होती आणि एकेक मत रंगनाथकडं जमा होत होतं. मी आईकडं बघत होते. ती देवीकडं बघत होती.

"ढवळे," पुकारा झाला.

गोदाक्का उठली. मुरलीधरनं हात धरून तिला पुढं आणलं. तिनं भंडारा लावला आणि खांबाला धरून उभी राहिली. बोलेना.

"सांगा गोदाक्का," नानासाहेब म्हणाले. "जेवता कुठल्या चुलीवर?"

तिनं खांब आणखी घट्ट धरला.

"अगं सांग की आई," रंगनाथ हळूच म्हणाला. "थोरल्याकडं म्हणून सांग."

"भंडारा लावलाय रं कपाळाला," ती म्हणाली. "आता खोटं कसं बोलू?" मग नानासाहेबांकडं वळून म्हणाली, "मी शेवंताच्या खानावळीत जेवते."

मंडपात क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. मग एकदम कल्ला झाला. थोरली धाकटीवर धावून गेली, "तूच म्हणालीस न्हवं तुझ्याकडं जेवत्यात!" धाकटी म्हणाली, "मी कवा म्हणाले? तूच रोज भांडी जास्त घासायचीस!" रंगनाथचा चेहरा असा झाला होता की त्याला धड बसता येईना की उभं राहता येईना. मुरलीधरनं आईचा हात सोडला होता.

"कवापास्नं?" नानासाहेबांनी विचारलं.

"चुली येगळ्या झाल्यापास्नं."

नानासाहेब उठून उभे राहिले. मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी एवढं संतापलेलं पाहिलं नाही. "म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून मांडलेली चूल ही चूल न्हवं," ते म्हणाले. "ढवळ्यांच्या दोन्ही चुलींना मत न्हाई. त्या घराचं जुनं एक मत हाय, ते गोदाक्कांचं. बास."

मी आईच्या मांडीवर थाप मारली. जिंकलो! दोन मतं गेली त्यांची, आणि एक मत म्हातारीचं. ते कुणाला जाणार हे सांगायला ज्योतिषी पाहिजे होता का? रोजचं ताट आमचं. रंगनाथकडं बघून बघून मी तो आनंद साजरा करत होते. हो, करत होते. त्यानं आमच्या भिंतीवर फळी ठोकली होती.

हात वर झाले. आधी इमारतीच्या बाजूचे, मग विरोधातले. नानासाहेबांनी मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाले, "दोन्हीकडं सारखंच." मग इकडंतिकडं बघितलं. "गोदाक्का, तुमचा हात कुठंच दिसला न्हाई."

गोदाक्का खांबाजवळच होती. तिनं आमच्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही, आईकडं. मग लोकांकडं पाठ करून तिनं हात वर केला.

"इमारत हुदे," ती म्हणाली.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग पुरुषांच्या बाजूनं आरोळी उठली आणि शिट्ट्या झाल्या तेव्हा समजलं. मी उठले. "गोदाक्का!" मी ओरडले. "खाल्ल्या मिठाला तरी जागा की वो! लाज..."

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो झटकला, तिनं पुन्हा ठेवला. एवढ्या वेळात गोदाक्का आमच्याजवळ येऊन टेकली होती. सगळा मंडप नाचत होता आणि ती आईच्या कानाशी बोलत होती, पण मला सगळं ऐकू येत होतं.

"शेवंता, रागावू नगंस. त्यांच्याकडं जागा न्हाई गं. वीतभर खोली, त्यात दोन स्टो. मी बसू कुठं, आन वाढतील कुठं? मोठी घरं झाली की बोलवतील मला जेवायला. पोरं काय वाईट न्हाईत माझी."

आईनं माझ्या तोंडावरचा हात काढला आणि म्हातारीच्या पाठीवर ठेवला.

"उद्या दुपारी येतीस न्हवं?" ती म्हणाली. "भाकरी मऊ करून ठेवते."

खानावळ काढायला फारसा वेळ लागला नाही. पत्रे आम्ही स्वतःच उतरवले. आईनं बसस्थानकामागच्या एका बोळात जुन्या गोदामाची अर्धी जागा घेतली आणि तिथं नवी चूल घातली. निम्मी गिऱ्हाइकं तिकडं आलीच नाहीत, एवढं आत कोण येतंय? काही वर्षं आम्ही फार वाईट काढली. माझं लग्न लांबलं ते त्यामुळंच, आणि त्याचा दोष मी गोदाक्काला देत होते. मनात नव्हे, तिच्या तोंडावर. ती ऐकून घ्यायची आणि जेवायची.

मधे थोडे दिवस ती आली नव्हती. सभेत अब्रू गेल्यावर दोघी सुना तिला ओढून ओढून वाढत होत्या, गल्लीला दिसेल अशा बेतानं दारात बसवून. मग लोक विसरले आणि त्याही विसरल्या. म्हातारी पुन्हा आमच्या दाराला, आता चौकातून बोळापर्यंत काठी टेकत. रोज आईला सांगायची, आज पाया भरला, आज पहिला मजला चढला, आज खिडक्या बसल्या. ऐकून माझं डोकं फिरायचं. आमच्या चुलीच्या जागी उभी राहणारी भिंत ती आम्हालाच कौतुकानं सांगत होती.

इमारत झाली. ढवळ्यांना दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं मिळाली. सभेनंतर दोघांच्या चुली पुन्हा एक झाल्याच नव्हत्या, त्यामुळं घरंही दोन. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला मुरलीधर स्वतः आला. आई गेली, मी गेले नाही. आई म्हणाली, स्वयंपाकघर एवढं मोठं आहे की दहा पानं मांडावीत. काळ्या दगडाचा ओटा, नळाला पाणी. गोदाक्काला पहिल्या पाटावर बसवलं होतं आणि रंगनाथनं तिला स्वतःच्या हातानं जिलबी भरवली.

"चला," मी म्हणाले, "सुटलो आपण."

दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत उठली, आम्ही दोघी जेवायला बसणार, तोवर दारात काठी वाजली. वास्तुशांतीचं नवं लुगडं अंगावर होतं, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. आईनं पाट टाकला आणि ताट घ्यायला वळली. मला मात्र राहवेना.

"आता तर ऐसपैस घरं झाली की गोदाक्का! आमची चूल मोडून झाली. मग आता काय?"

"झाली की गं. लई मोठी झाली," ती पाटावर टेकत म्हणाली. "पर दारं समोरासमोर आल्यात बघ. हिच्या दारात पाय टाकला की ती बघती, तिच्या दारात टाकला की ही बघती. सकाळी मी मधल्या जागेत उभी हुते. दोघींनीबी दार लावून घेतलं."

आईनं ताट तिच्यापुढं ठेवलं. मी किती वर्षांचं काय काय बोलायचं म्हणून साठवून ठेवलं होतं. तिच्यावरचा राग होताच, आजही आहे, आणि रंगनाथवरचा तर मी मेल्यावरच जाईल. पण ती भाकरी मोडून आमटीची वाट बघत होती. मी आमटीचं पातेलं घेऊन गेले आणि वाढली.

"मालन," पहिला घास घेऊन ती म्हणाली, "आमटी जरा तिखट झालीया आज."

"गप खावा," मी म्हणाले, आणि आणखी एक पळी वाढली.